एक घेतो चावा, एक टाकतं चोथा!

दोस्तांनो, ओळखा पाहू! रात्र पडली की खोल समुद्रातून कोण वर येतं? आणि गावच्या वडावरून कोण भुर्रकन उडतं?

पहिला कुकीकटर शार्क. दुसरं आपलं मोठं फळखाऊ वटवाघूळ!

शार्क म्हटल्यावर अजस्र मासा डोळ्यांसमोर आला ना? चुकलात! हा जेमतेम अर्धा मीटर लांब. दिवसा एक किलोमीटरहूनही खोल, काळोखात. पण चावतो कुणाला? चक्क देवमाशाला!

आई मोठी पोळी लाटते, वाटी दाबून फिरवते आणि गोल पुरी सुटते, बघितलंय ना? अगदी तस्संच! हा पठ्ठ्या आपले जाड ओठ देवमाशाला घट्ट चिकटवतो. वरचे बारीक दात रोवतो. खालचे मोठे तिकोनी दात खुपसतो आणि स्वतःच गर्रकन फिरतो. निघाला गोल तुकडा! देवमासा मरत नाही हं. जखम भरते, गोल वण तेवढा उरतो.

१९७० च्या दशकात तर या चिमुरड्यांनी अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांचं रबरी आवरणही कुरतडलं होतं!

अजून गंमत ऐका. याच्या खालच्या दातांची अख्खी रांग एकदमच पडते. मग तो काय करतो? गिळून टाकतो! दातांतलं कॅल्शियम वाया का घालवायचं?

आता वडाकडे बघा. या वटवाघळाने पंख पसरले की भरतात सव्वा मीटर. शार्कच्या लांबीच्या दुपटीहूनही जास्त!

लहान जातींची वटवाघळं आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट शोधतात. हे मात्र मोठ्ठे डोळे आणि तिखट नाक वापरतं. पिकलेलं उंबर किंवा पेरू मिळाला की चावून चावून रस पितं आणि चोथा थू! (त्याचं उष्टं फळ आपण मुळीच खायचं नाही.) पोटात गेलेल्या बिया लांब कुठेतरी पडतात. तिथे नवं झाड उगवतं!

आणि उलटं लटकताना शू लागली तर? अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरायची, पाय सोडायचे, सुलटं व्हायचं. काम उरकलं की पुन्हा उलटं!

दोघांनाही पिल्लंच होतात बरं का. शार्कची पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातून निघतात आणि जन्मल्या क्षणापासून एकटी पोहतात. वटवाघळाचं बाळ मात्र दूध पितं. पहिले काही आठवडे आईच्या पोटाला बिलगून तिच्याबरोबरच उडतं!