मशेरी सोडा, दात राखा

पनवेलच्या आसपास काही घरांत आजही तव्यावर तंबाखू भाजून मशेरी केली जाते आणि आमच्या मायभगिनी ती दिवसातून अनेकदा दातांना लावतात. लावल्यावर बरे वाटते ते तलफ भागते म्हणून, दात स्वच्छ होतात म्हणून नव्हे. उलट हिरड्या मागे सरतात, कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यावरची बंदी आपणच घालावयाची आहे. सकाळी व झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे हलक्या हाताने दात घासावेत, जेवणानंतर चूळ भरावी. तोंडातील चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी न झाल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावी, एवढीच आमची कळकळीची विनंती.