विश्लेषण : जुनी केबिन बोट गोसीखुर्दच्या पाण्यात उतरवायची, तर काय काय तपासावे लागते?

आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी आणि मुर्झा या पाच नद्या भेटतात. या संगमावरून काही वर्षांपूर्वीपर्यंत नावेतून पलीकडे जावे लागत असे. २०२४ मध्ये ७०५ मीटर लांबीचा केबल-स्टेड पूल खुला झाला आणि नागपूर जिल्ह्यातील कुही तालुका भंडारा जिल्ह्याशी थेट जोडला गेला. पुलावरून दिसणारे विस्तीर्ण पाणी हा गोसीखुर्दचा फुगवटा. त्याच वर्षी जूनमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते सुमारे १०२ कोटींच्या गोसीखुर्द जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. पर्यटन आले की बोटी आल्या. नवी बोट महाग, त्यामुळे मुंबई-गोव्याकडची जुनी केबिन बोट घेऊन, डागडुजी करून इथे आणायचा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. तो विचार वाईट नाही, पण त्यातले धोके वरच्या रंगाखाली दडलेले असतात.

केबिन बोट म्हणजे नेमके काय?

साधारण १८ ते २५ फूट लांबीची, पुढच्या भागात छोटी बंद खोली, दोन-चार बाके आणि मागे इंजिन असलेली बोट. १९५० च्या दशकापर्यंत अशा बोटी लाकडाच्या असत. नंतर फायबरग्लास आले आणि सगळे चित्र बदलले. ब्रिटनमध्ये १९५७ पासून तयार होऊ लागलेली 'फ्रीमन २२' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सांगाडा फायबरचा, आत महोगनीचे काम आणि इंजिन फोर्डच्या मोटारीचे, पाण्यासाठी बदल केलेले. त्यातल्या कित्येक बोटी आजही तिथल्या नद्यांवर फिरतात, कारण फायबरचे कवच सहसा मरत नाही. मरते ते त्याच्या पोटातले लाकूड.

खरी दुखणी इथेच असतात. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. आउटबोर्ड इंजिन तिच्यावरच लटकते. तळाला मजबुती देणारे लांब कणे म्हणजे स्ट्रिंगर. दोन्हींच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असते आणि वरून फायबरचे आवरण. स्क्रूच्या एखाद्या छिद्रातून पाणी शिरले की प्लायवूड आतल्या आत कुजत जाते, बाहेरून मात्र बोट चकचकीत दिसते. बाजारात मडके वाजवून घेतात तशी ही बोट प्लास्टिकच्या हातोडीने वाजवून पाहायची. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. थप्प, ओला आवाज आला तर तिथे लाकूड गेले असे समजायचे. इंजिन वर-खाली हलवताना ट्रान्सम लवत असेल, तर पुढे बोलणीही करू नयेत.

समुद्रातली बोट गोड्या पाण्यात आणली तर?

सोपे वाटते, पण तीन गोष्टी बदलतात. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते. दीड टन वजनाच्या बोटीला तरंगण्यासाठी समुद्रात सुमारे १,४६३ लिटर पाणी बाजूला सारावे लागते, तर वैनगंगेत १,५०० लिटर. म्हणजे तीच बोट इथे किंचित खोल बसते. फरक लहान असला तरी माणसे आधीच काठोकाठ भरली असतील तर तो जाणवतो.

दुसरी गोष्ट गंजाची. पाण्याखालचे धातूचे भाग वाचावेत म्हणून बोटीला एक 'बळीचा' धातू लावतात, त्याला अ‍ॅनोड म्हणतात. तो स्वतः झिजतो आणि प्रोपेलरचा शाफ्ट वाचवतो. समुद्रात जस्ताचा अ‍ॅनोड चालतो. गोड्या पाण्यात त्यावर थर बसून तो निकामी होतो आणि मॅग्नेशियमचा लावावा लागतो. बदल न करता बोट उतरवली, तर अ‍ॅनोड जसाच्या तसा राहतो आणि गंज शाफ्टला लागतो. खारट पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनच्या वाहिन्यांत मीठ साचलेले असते, तेही आधी साफ करावे लागते.

तिसरी गोष्ट लाकडाची, आणि ती थोडी उलटी वाटेल. खारे पाणी लाकडाला बऱ्याच अंशी टिकवते. कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. समुद्रात वर्षे काढलेली लाकडी बोट विदर्भाच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवली, तर डेकच्या सांध्यांतून सडायला सुरुवात होते.

दुरुस्ती कधी करायची, याला इथे फार महत्त्व आहे. फायबरच्या कामात रेझिनमध्ये हार्डनर घालतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना नेहमीच्या प्रमाणात हार्डनर घातला, तर मॅट नीट भिजण्याआधीच डब्यातले रेझिन दगड होते. पावसाळ्यात ओलसर पृष्ठभागावर नवा थर धरत नाही. काही महिन्यांनी तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम सर्वांत सोयीचा. फायबरचे काम करणारे कारागीर नागपुरात मिळतात, पण टाकी किंवा मूर्ती बनवणे आणि प्रवाशांच्या बोटीचा ट्रान्सम बांधणे यांत फरक आहे. तो फरक बोट घेणाऱ्याने पैसे देण्याआधी समजून घ्यावा.

वर एक मजला चढवला तर काय बिघडते?

सगळ्यात जास्त माणसे याच प्रश्नावर चुकली आहेत. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे बोट उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. ती मासेमारीची बोट होती, तिच्यात बदल करून पर्यटकांसाठी वापरली जात होती. त्याआधी ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या तलावात दुमजली बोट उलटली आणि ४५ जण बुडाले. तिथे जनावरे पाहायला प्रवासी एका बाजूला जमा झाल्याचे सांगितले गेले.

यामागचे गणित दहावीच्या विज्ञानातले आहे. समजा दीड टनाच्या बोटीच्या छपरावर, तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा दीड मीटर उंचीवर, ६५ किलोची सहा माणसे बसली. वजन झाले ३९० किलो, म्हणजे बोटीच्या एक चतुर्थांशाहून अधिक. एकूण गुरुत्वमध्य त्यामुळे सुमारे ३१ सेंटिमीटर वर सरकतो. लहान बोटीची स्थिरतेची सगळी शिल्लक सेंटिमीटरमध्येच मोजतात. त्यातले ३१ गेले की उरते ती एका बाजूला झुकलेली गर्दी आणि एखादी लाट. तळात साठलेले पाणी त्यात भर घालते, कारण बोट कलली की तेही त्याच बाजूला धावते.

इंजिन मोठे बसवूनही सहसा फायदा होत नाही. पाण्यावर घसरत न जाता पाणी कापत जाणाऱ्या २० फुटी बोटीचा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटरवर अडतो. पुढे इंधन जळते, वेग वाढत नाही. पेट्रोल इंजिन बंद खोलीत असेल तर आणखी एक धोका असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. म्हणून चावी फिरवण्याआधी निदान चार मिनिटे ब्लोअर चालवून हवा बाहेर काढायची असते. हा ब्लोअर जुन्या बोटीत बहुधा बंद पडलेला असतो, आणि दुरुस्तीच्या यादीत तो रंगापेक्षा वर हवा.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटिशकालीन १९१७ च्या कायद्याची जागा अंतर्देशीय जहाजे कायदा, २०२१ ने घेतली. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते, आणि बोटीत बदल करण्याआधी संबंधित प्राधिकरणाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. म्हणजे छप्पर चढवून मग कागद करायचे, हा क्रमच चुकीचा आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भंडाऱ्यातही 'सागरी' मंडळाची मंजुरी लागते, हे अनेकांना विचित्र वाटते, पण तसेच आहे. बोटीची जुनी कागदपत्रे नसतील तर ती स्वस्त मिळते, आणि नंतर किनाऱ्यावरच उभी राहते.

गोसीखुर्दचे पाणी कसे आहे?

राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेले हे धरण पवनी तालुक्यात आहे. त्याच्या फुगवट्याखाली शेते, झाडे आणि गावठाणे गेली आहेत. पाणी उतरले की खुंट आणि भिंती पृष्ठभागाजवळ येतात. जास्त खोल बसणारी समुद्री बोट इथे अडते, सपाट तळाची निघून जाते. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे याच जलाशयात सांडपाणी आणते, त्यावर जलपर्णी वाढते. तिची मुळे प्रोपेलरला गुंडाळतात आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचे तोंड बुजवतात. म्हणून पाणी ओढणारी जाळी पाच मिनिटांत उघडून साफ करता येईल अशी बसवणे, हा या जलाशयासाठी सर्वांत उपयोगी बदल. छोटी विद्युत मोटार हाही पर्याय आहे. तीन-चार किलोवॉटवर अशी बोट ताशी सातेक किलोमीटर जाऊ शकते आणि १० किलोवॉट-तासांची बॅटरी अडीच ते तीन तास पुरते. गंमत म्हणजे जुन्या बोटीत ओझे म्हणून बदनाम असलेली बॅटरी तळाशी बांधली, तर गुरुत्वमध्य खाली येतो.

खुंट कुठे आहेत, वारा कोणत्या दिशेने उठला की फुगवट्यात लाट चढते, हे डोंगा चालवणाऱ्या ढिवर समाजातील मासेमारांना ठाऊक असते. छापील नकाशात ते सापडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात याच वैनगंगेत शेतमजूर महिलांची नाव उलटली होती. त्यामुळे बोट उतरवण्याआधी एक फेरी अशा जाणत्या माणसाला सोबत घेऊन, रिकाम्या बोटीतून आणि लाइफ जॅकेट अंगात घालून करावी. दुसरी फेरी तितक्याच वजनाची वाळूची पोती भरून करावी, म्हणजे बोट कुठपर्यंत कलते ते प्रवासी बसण्याआधी कळते.