‘अर्धसत्य’मधला फौजदार आणि त्याचा अमेरिकी भाऊबंद

आज आपण दोन सिनेमे शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक अमेरिकेतला, १९५३ सालचा, फ्रिट्झ लँगचा ‘द बिग हीट’. दुसरा आपल्याकडचा, १९८३चा, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’. हा सिनेमा हिंदी खरा, पण त्याची मुळं मराठी. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’ नावाची. आपल्या मासवणच्या सूर्या नदीशी तिचा काही संबंध नाही, उगाच जुळवू नका! पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची आणि रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर.

आधी एक शब्द समजून घेऊ. ‘फिल्म न्वार’ म्हणजे फ्रेंच भाषेत काळा सिनेमा. अमेरिकी सिनेमांना हे नाव १९४६ साली दिलं निनो फ्रांक या समीक्षकानं, पॅरिसमध्ये बसून. महायुद्धानंतर तिथं एकदम येऊन पोचलेल्या अमेरिकी गुन्हेपटांत त्याला वेगळाच अंधार दिसला. हा अंधार फक्त प्रकाशयोजनेतला नव्हे. गुन्हेगार कोण आणि रखवालदार कोण, हे ओळखू येईनासं होतं, तो अंधार.

‘बिग हीट’ सुरू होतो एका पोलीस अधिकाऱ्याच्या आत्महत्येनं. त्यानं मागं एक कबुलीपत्र ठेवलेलं असतं. त्याची बायको ते लपवते आणि त्याच्या जोरावर लगाना नावाच्या गुंडांच्या म्होरक्याकडून पैसे उकळते. बॅनियन हा सार्जंट चौकशी करू लागतो तेव्हा वरून दडपण येतं, कारण खुद्द पोलीस कमिशनरच गुंडांच्या पंगतीतला. मग बॅनियनसाठी ठेवलेला बॉम्ब गाडीत फुटतो आणि त्याची बायको मरते. तो बिल्ला टाकून एकटाच सूड घ्यायला निघतो.

आता ‘अर्धसत्य’. अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी, मुंबईतला सब-इन्स्पेक्टर. मरायला टाकलेल्या, भाजलेल्या माणसाचा जबाब घेऊन तो रामा शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी शांतपणे एक फोन लावतो आणि वेलणकरला हात हलवत परत यावं लागतं. जिवावर उदार होऊन केलेल्या कामगिरीचं श्रेयही दुसराच घेऊन जातो.

इथपर्यंत दोघं सख्खे भाऊ शोभतील. फरक पुढं आहे, आणि आम्हाला आज तोच सांगायचा आहे.

बॅनियन त्या विधवेचा गळा धरतो, पण खून करत नाही. ती मेली तर पत्र बाहेर येईल, हे मात्र तो डेबी या मुलीला बोलून दाखवतो. डेबी ही गुंडाची मैत्रीण. उकळती कॉफी तोंडावर फेकून त्यानं तिचा चेहरा जाळलेला. ती जाऊन गोळी घालते. पत्र बाहेर येतं, गुंडांचं राज्य कोसळतं, डेबी मरते आणि बॅनियन पुन्हा आपल्या टेबलाशी येऊन बसतो. त्याचे हात स्वच्छ राहिले, कारण हात मळवण्याचं काम दुसऱ्या कुणी केलं.

वेलणकरसाठी कुणी डेबी नाही. त्याचा राग साठत जातो, पण शेट्टीपर्यंत पोचत नाही. मग जातो कुठं? तर उताराकडं. दारूच्या नशेत तो कोठडीतल्या एका भुरट्या चोराला इतकं मारतो की तो मरतो. आरोप काय होता त्याच्यावर? एक रेडिओ चोरल्याचा. हा उतार वेलणकरनं घरीच पाहिलेला आहे. बाप पोलीस, आणि त्याचा हात आईवर उठायचा.

प्लेटोनं ‘रिपब्लिक’मध्ये म्हटलंय की राज्याचा रक्षक जातिवंत कुत्र्यासारखा असावा: ओळखीच्यांशी मवाळ, शत्रूवर तुटून पडणारा. म्हणजे त्याच्यात राग हवाच. पण कुणावर भुंकायचं नाही, हे मालकच शिकवू लागला तर? प्लेटोलाही भीती होती ती याचीच, की रक्षक आपल्याच माणसांवर उलटतील. वेलणकरचं तेच होतं.

या प्रकरणातून सुटण्यासाठी तो शेवटी शेट्टीच्याच दारात जातो. शेट्टी मदतीची किंमत सांगतो: माझा माणूस हो. वेलणकर त्याचा गळा दाबतो आणि ठाण्यावर जाऊन कबुली देतो.

या प्रसंगाला थिएटरात टाळ्या पडायच्या. त्याआधी दहा वर्षं ‘जंजीर’मधल्या इन्स्पेक्टरनं आपल्याला ती सवय लावली होतीच. पण मंडळी, जरा थांबा. शेट्टीचा गळा दाबणारा हात आणि त्या चोराला मारणारा हात एकच आहे. एका वेळी टाळी आणि दुसऱ्या वेळी हळहळ, हे कसं चालेल? वेलणकरचा राग खरा आहे, अन्यायही खरा आहे. पण राग खरा असला म्हणून त्यातून घडलेलं कृत्य न्याय्य ठरत नाही. आमच्या समजुतीनं नावातलं ‘अर्ध’ आहे ते हे.

ज्या माणसाचा राग आपल्याला पटतो, त्याच्या हातालाही नियम लागतात. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले ते यासाठीच: अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा दिसला पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं झाला पाहिजे, नातेवाइकांना कळवलं पाहिजे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ही कलमं रुक्ष वाटतात. पण ती शेट्टीसाठी लिहिलेली नाहीत, शेट्टीला फोन पुरतो. ती त्या रेडिओवाल्यासाठी आहेत.

आता सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा एक करा. त्या चोराचा चेहरा लक्षात ठेवा आणि मग शेवट बघा. टाळी वाजते का, ते ज्यानं त्यानं पाहावं.