डॉक्टरकी वाटून देणारे जामखेड

ख्रिस्ती मिशनांनी आरोग्यासाठी काय केले, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: दवाखाने काढले. मिरजेचे वॉन्लेस, वेल्लोरच्या आयडा स्कडर ही नावे लगेच ओठांवर येतात आणि ती यायलाच हवीत. तरीही माझे मत असे आहे की, या श्रद्धेने जगाच्या आरोग्यविचाराला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट दवाखान्याच्या भिंतीबाहेर घडली. तिचा लख्ख पुरावा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला आहे.

रजनीकांत आणि मॅबेल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले. खेड्यातल्या गरिबांसाठीच राबायचे हे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते. वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना एक गोष्ट त्यांना सतत टोचत राहिली. सलाइन लावून बरे केलेले मूल घरी जाई, तेच गढूळ पाणी पिई आणि पुन्हा जुलाबाने मलूल होऊन परत येई. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये ते जामखेडला आले. दुष्काळाने होरपळलेल्या लोकांना आधी हवे होते पाणी आणि पोटाला अन्न. औषधाचा नंबर त्यानंतरचा. मग आरोळ्यांनी सुरुवात तिथूनच केली. विंधनविहिरींच्या जागा त्यांनी दलित वस्तीत धरल्या, म्हणजे हंडा घेऊन सवर्णांनाही तिथेच यावे लागले. शिवाशिवीवर भाषण न देता केलेला हा घाव मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या भागात जात हेही आजारपणाचे एक कारणच होते.

खरी उलथापालथ मात्र माणसांच्या निवडीत झाली. शिकलेल्या नर्स खेड्यात रुळेनात, तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करायचे ठरले. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत. गर्भवतीला तपासणे, अडणारे बाळंतपण आधीच ओळखणे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, कुष्ठरोगाचा चट्टा हेरणे. रात्री सगळ्या जातींच्या बायका एकाच भल्यामोठ्या पांघरुणाखाली झोपत. डॉक्टरचे ज्ञान हीच त्याची मिळकत आणि हाच त्याचा मान. ते ज्ञान उठून, जिला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत अशा बाईच्या हाती द्यायचे, तर ती आपल्याइतकीच देवाची आहे यावर मनापासून विश्वास असावा लागतो. आरोळ्यांचा होता. जामखेडमधल्या ख्रिस्ती श्रद्धेची जागा मला इथे दिसते.

हे एका जोडप्यापुरतेही नव्हते. जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला आणि मिशन हॉस्पिटलांचा लाभ आवाराजवळच्या मोजक्यांनाच होतो हे स्वतःच मांडले. आपल्याच संस्थांची अशी झडती घेणे सोपे नसते. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. प्राथमिक आरोग्यसेवेच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याच्या जडणघडणीत आरोळ्यांचे गुरू कार्ल टेलर होते. ते मिशनरी कुटुंबातले, जन्म मसुरीजवळच्या लंढौरचा.

यावर पहिला आक्षेप धर्मांतराचा. सेवेच्या आडून धर्मप्रसार झाल्याची उदाहरणे इतिहासात आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण जामखेडच्या सेविका हिंदू होत्या, मुसलमान होत्या, बौद्ध होत्या आणि तशाच राहून काम करत आल्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे श्रद्धेशिवायही होते. होतेच. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गांधीविचारातून नवजात बाळांचे मृत्यू घरच्या घरी रोखून दाखवले. तेव्हा हा ख्रिस्ती धर्माचा मक्ता नाही. मात्र पगार आणि बढती यांच्या पलीकडचे काही बळ दोन्हीकडे होते, हे विसरून चालणार नाही. तिसरी शंका आकड्यांची. १९७१ मध्ये हजारी १७६ असलेले अर्भकमृत्यू पुढे तिशीच्या आत आले, हा प्रकल्पाचा स्वतःचा हिशेब आहे. त्या काळात सगळीकडेच मृत्यू घटत होते, हेही खरे. म्हणून बाहेरच्या संशोधकांनी शेजारच्या गावांशी केलेली तुलना पाहावी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. हा परिणाम दाव्याइतका मोठा नाही, पण खरा.

२००५ मध्ये सरकारनेही गावोगावी ‘आशा’ आरोग्यसेविका नेमायला सुरुवात केली. गावातलीच बाई, हे तत्त्व तेच. पण तिला कामागणिक मोबदला मिळतो आणि तिच्याकडून रजिस्टरे भरून घेतली जातात; आठवड्याच्या आठवड्याला तिला शिकवत बसणारा कोणी नाही. शासनाला जामखेडकडून काही घ्यायचेच असेल, तर आधी ते शिकवणे घ्यावे.