दार उघडे, गंगाजळी रिकामी

बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणाचेही मोठे काम दिसले, की आधी त्याचा ताळेबंद पाहावासा वाटतो. लंडनच्या ‘किड्स कंपनी’ या संस्थेविषयीचे अहवाल मी वाचले ते या खोडीपायीच. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो नाकारला असता आणि रात्री मला झोप लागली नसती.

कॅमिला बॅटमनगेलिज या बाईंनी १९९६ मध्ये ही संस्था काढली. जन्म तेहरानचा, शिक्षण इंग्लंडातले, पेशा मानसोपचाराचा. इराणच्या क्रांतीत वडील तुरुंगात गेले. संस्थेसाठी बाईंनी राहत्या घरावर कर्ज काढले आणि दक्षिण लंडनमध्ये रेल्वेपुलाच्या कमानींखाली मुलांसाठी दार उघडले. सरकारी खात्याची चिठ्ठी लागत नसे. मारहाणीला, व्यसनाला, उपासमारीला कंटाळलेली पोरे आपण होऊन येत. जेवण मिळे, ऐकून घेणारे माणूस मिळे. काहींना आठवड्याच्या खर्चाचे पाकीटही मिळे. या पाकिटांवर पुढे फार टीका झाली. मी पावत्या मागण्यात हयात घालवलेला माणूस. पण ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्या पोराने पावती आणायची कुठून?

बाईंच्या रंगीबेरंगी पागोट्याभोवती पंतप्रधानांपासून पॉप गायकांपर्यंत सारे जमले. सरकारी लेखापरीक्षकांच्या हिशेबाने संस्थेला किमान ४ कोटी ६० लाख पौंड सार्वजनिक पैसा मिळाला. गंगाजळी मात्र साठली नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो; बाईंना आधी उघडे पाय दिसत. इथवर मी त्यांच्या बाजूचा. पण कर आणि कर्मचाऱ्यांचे पैसेही वेळेवर दिले गेले नाहीत, तिथे माझी सहानुभूती आटते. पगार थकवून केलेली दया म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर फाडलेला धनादेश.

२०१५ च्या उन्हाळ्यात अधिकाऱ्यांनी लेखी हरकत घेऊनही मंत्र्यांनी ३० लाख पौंड द्यायला लावले. बाईंनी मुख्याधिकारीपद सोडायचे ठरले. तेवढ्यात संस्थेतील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची पोलीस चौकशी सुरू झाली, खासगी देणगीदारांनी हात आखडला आणि ५ ऑगस्टला कुलूप लागले. जानेवारी २०१६ मध्ये पोलिसांनी पुराव्याअभावी चौकशी मिटवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने बाईंना आणि विश्वस्तांना अपात्र ठरवण्यास नकार दिला. ते आरोप झाले नसते तर संस्था कदाचित तगली असती, असेही म्हटले. २०२२ मध्ये धर्मादाय आयोगाने मात्र थकलेल्या देण्यांवर बोट ठेवून गैरव्यवस्थापनाचा ठपका ठेवला. माझ्या मते दोघांचेही बरोबर आहे.

संस्थेचा दावा ३६ हजार लोकांना आधार दिल्याचा होता. बंद पडताना स्थानिक प्रशासनाच्या हाती आल्या त्या फायली दोन हजारांहूनही कमी. उरलेली पोरे फुगवलेल्या आकड्यातली, की कधी कागदावर न आलेली, हे फायलींवरून कळत नाही. १ जानेवारी २०२४ रोजी बाई वारल्या.