झाडामागचा माणूस

देवाच्या भीतीने त्याच्यापासून दूर राहणारी माणसे थोडी. लाजेने दूर राहणारी पुष्कळ. भ्यालेला माणूस उलट देवळात जास्तच जातो, नवस बोलतो, अभिषेक घालतो. लाजलेला मात्र समोरून घंटेचा आवाज आला की मान खाली घालतो आणि चालीचा वेग वाढवतो.

या लपण्याची एक फार जुनी कथा ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत, 'उत्पत्ती'च्या तिसऱ्या अध्यायात आहे. मना केलेले फळ खाल्ल्यावर आदाम-हव्वेला आपल्या नग्नतेची जाणीव होते. ती दोघे अंजिराची पाने शिवून कमरेला गुंडाळतात. दिवस कलता देव बागेत फेरी मारतो, त्याची चाहूल लागते आणि दोघे झाडांआड दडतात. मग देव आदामाला हाक मारून विचारतो, की तू आहेस तरी कुठे?

सर्वज्ञ देवाला हा प्रश्न का पडावा? अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रॉय गावी राहणाऱ्या राशी या ज्यू भाष्यकाराने याचे जे उत्तर दिले, ते मला फार आवडते. तो म्हणतो, देवाला तो कुठे आहे हे ठाऊकच होते. पण एकदम दरडावले तर त्याची वाचा बसेल, म्हणून बोलण्याला सुरुवात करून देण्यासाठी त्याने विचारले. आपल्या घरांतून हे रोज घडते. बरणी फोडून पोर पलंगाखाली शिरलेले असते, पाय बाहेर दिसत असतात, आणि आजी मोठ्याने विचारत असते, "अगं बाई, गेला कुठे हा?" पोराला स्वतःहून बाहेर यायला तेवढी वाट मिळते.

म्हणून ही कथा गोडगोड आहे, असे मात्र नाही. आदाम बायकोकडे बोट दाखवतो, बायको सापाकडे. शिक्षा काही टळत नाही. घाम गाळून भाकरी मिळवायची, वेदना सोसायच्या आणि बागेबाहेर जायचे. पण बाहेर काढण्याआधी देव दोघांसाठी कातड्याची वस्त्रे करतो आणि ती त्यांच्या अंगावर घालतो. निकाल लागल्यावरचे हे एकच वाक्य पुष्कळांच्या वाचण्यातून निसटते. पानांचा आडोसा किती दिवस टिकणार होता? तालमूदमध्ये रब्बी सिमलाई यांनी म्हटले आहे, की तोरा ग्रंथाची सुरुवात दयेच्या कृत्याने होते आणि शेवटही. सुरुवातीला देव उघड्यांना वस्त्र देतो, शेवटी मोशेला मूठमाती देतो.

फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये मासाच्चोने 1425 च्या सुमारास भिंतीवर हीच दोघे रंगवली. हव्वा अंग झाकते आहे, आदामाने मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकले आहे. लाज अंगाची नसते, हे त्या ऐन विशीतल्या चित्रकाराला कळले होते. पुढे 1680 च्या सुमारास कुणा सोवळ्यांनी दोघांच्या कमरेला पाने रंगवून घेतली. ती 1980 च्या दशकातल्या सफाईत पुसली गेली. देवाने जी पाने काढून वस्त्रे दिली, ती माणसांनी तीनशे वर्षे पुन्हा चिकटवून ठेवावीत, याला काय म्हणावे!

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या निधनानंतर, 1924 साली पूर्ण प्रसिद्ध झाला. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी केडगावला त्यांनी जे घर काढले, त्याचे नाव 'कृपासदन'. सुधारगृह नव्हे, कृपेचे घर. नावातच सगळे आले.

इथे एक गल्लत टाळायला हवी. पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे राहिलेले चोखोबा लाजेने बाहेर नव्हते. त्यांना बाहेर ठेवले होते. तिथे लाज वाटायला हवी होती ती आतल्यांना.

आमच्या एका चुलत्यांची गोष्ट मात्र लाजेचीच. गावच्या हरिनाम सप्ताहाची वर्गणी त्यांच्याकडे असायची. एका वर्षी मुलीच्या लग्नात त्यातले पैसे खर्ची पडले आणि ते उघडकीला आले. पैसे त्यांनी तीन सुगींत फेडले. हिशेबाची वही पुन्हा त्यांच्या हाती दिली गेली नाही, आणि ते योग्यच झाले. पण फेडूनही ते देवळाची पायरी चढेनात. माळ खुंटीला टांगलेली. काकू म्हणायची, घरातल्या तसबिरीसमोरूनसुद्धा ते मान वळवून जातात.

चौथ्या वर्षी सप्ताहाच्या आधी म्हातारे विणेकरीबुवा ओट्यावर येऊन बसले. उपदेश केला नाही, मागचे काढले नाही. म्हणाले, "रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही. झोप फार येते लोकांना. तुमचं नाव घातलंय." सप्ताहात वीणा अखंड उभी राहते, रात्रीही कुणाच्या तरी गळ्यात हवीच. आणि दोन ते चार या वेळात देवळात कुणी नसते, समई आणि विठोबा सोडून.

चुलते गेले. पहिले दोन दिवस काकडआरतीची माणसे जमायच्या आत वीणा पुढच्याच्या गळ्यात घालून घरी परतले. तिसऱ्या दिवशी चहाला थांबले.