श्रद्धांजलीलाही परवानगी लागते

लंडन : सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जशी रीघ लागते, तशी इथल्या किंग हेन्रीज रोडवर लागत नाही. प्रिमरोझ हिलजवळचा हा शांत, पैसेवाल्यांचा रस्ता. पण इथल्या दहा नंबरच्या घरात १९२१-२२ साली एक भारतीय विद्यार्थी भाड्याने राहत होता. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचं आणि रात्री भूक लागली की पापडावर भागवायचं, असं चरित्रकार लिहितात. हा विद्यार्थी, म्हणजे बाबासाहेब आंबेडकर, पुढे भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढला आणि हरला. म्हणून हे पत्र मुद्दाम भंडारेकरांसाठी.

महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर तीस लाखांहून अधिक पौंड मोजून विकत घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. आपल्याकडे उद्घाटन झालं की विषय संपतो. इथे तिथून सुरू झाला. राहत्या घराचं स्मारक करायचं तर कॅम्डेनच्या नगरपरिषदेची परवानगी हवी, आणि शेजाऱ्यांना हरकत घेण्याचा पूर्ण हक्क. त्यांनी ती घेतली. लोकांची ये-जा वाढेल, गोंगाट होईल, राहण्याची एक जागा कमी होईल. २०१८ साली परिषदेने परवानगी नाकारली. अपील झालं, २०१९ मध्ये जाहीर चौकशी बसली, दोन्ही बाजूंचे वकील उभे राहिले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निकाल दिला.

मुंबई-दिल्लीत तेव्हा अनेकांना हा अपमान वाटला. मला तसं वाटत नाही. थोर माणूस मोठा की शेजाऱ्याची झोप, हा प्रश्न या लोकांनी कागदावर मांडला, तोलला आणि मग माणसाच्या बाजूने कौल दिला. चौकात रातोरात चौथरा बांधण्यापेक्षा हा मान मला जास्त टिकाऊ वाटतो.

थोर माणसं राहिलेल्या घरांवर निळ्या गोल पाट्या लावण्याची इथली प्रथा १८६६ पासूनची. त्या पाट्यांचं काम आता 'इंग्लिश हेरिटेज' ही संस्था पाहते, आणि तिचा नियम असा की माणूस जाऊन किमान वीस वर्षं झाल्याशिवाय पाटी नाही. शोक ओसरू दे, चाहते पांगू देत, मगच बघू. लोकमान्य टिळक १९२० साली गेले. मेडा व्हेलमधल्या त्यांच्या घरावर पाटी लागली ती १९६१ मध्ये. दादाभाई नौरोजी तर १८९२ साली फिन्सबरीतून इथल्या पार्लमेंटवर निवडून गेलेले. त्यांच्या पेंजमधल्या घराला २०२२ पर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडे सकाळी बातमी आली की दुपारपर्यंत फ्लेक्स लागलेला असतो, आणि त्यावर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो गेलेल्या माणसाच्या फोटोइतकेच ठळक!

मात्र हे लोक फक्त थांबतात असं नाही. माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर ८ एप्रिल २०१३ रोजी गेल्या आणि दोनच दिवसांनी सुट्टीवरचं पार्लमेंट खास बोलावण्यात आलं. स्तुतीची भाषणं झालीच. पण मजूर पक्षाच्या ग्लेंडा जॅक्सन, एके काळच्या ऑस्करविजेत्या अभिनेत्री, उभ्या राहिल्या आणि थॅचरबाईंच्या धोरणांनी गोरगरिबांचं काय झालं, याचा पाढाच त्यांनी वाचला. समोरच्या बाकांवर आरडाओरडा झाला, एकाने हरकतही घेतली. सभापतींनी सांगितलं की बाईंनी नियमाबाहेर काही केलेलं नाही. आपल्या विधानसभेतल्या शोकप्रस्तावावर असं कुणी बोललं तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

अर्थात विरोधकाबद्दल नीट बोलणं आपल्याला जमतच नाही, असं नाही. बाबासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळातून १९५१ साली बाहेर पडले होते, भंडाऱ्याच्या प्रचारात त्यांनी नेहरूंवर सडकून टीका केली होती. तरी ६ डिसेंबर १९५६ ला, ते गेले त्याच दिवशी, लोकसभेत बोलताना नेहरूंनी त्यांना हिंदू समाजातल्या जुलमाविरुद्धच्या बंडाचं प्रतीक म्हटलं. मतभेद पुसले नाहीत, बंड हाच त्यांचा मोठेपणा मानला.

आता १९५४ ची ती पोटनिवडणूक. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मतदारसंघ द्विसदस्यीय, म्हणजे प्रत्येकाला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. दुसरं मत कुजवा, म्हणजे आपलं पारडं जड होईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता आणि राज्यघटना लिहिणाऱ्याने असं सांगायचं नसतं म्हणून त्यांनी तो धुडकावला, असं सांगतात. जयंतीच्या भाषणांत घटना येते, चवदार तळं येतं. भंडाऱ्याचा पराभव मात्र कुणी काढत नाही. आपल्याच जिल्ह्याने पाडलं, हे बोलायला जड जातं. पण हरताना ते कसे वागले, हे सांगायचं तर पराभव सांगावाच लागेल.

त्या प्रचारात ते भंडारा जिल्ह्यात कुठे उतरले, कुठल्या मैदानावर बोलले, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या घरात असणार. त्यांना गाठून त्या जागा लिहून घ्यायच्या आणि तिथे साध्या पाट्या लावायच्या, निकालासकट. वीस वर्षांची अट केव्हाच उलटून गेली आहे आणि मैदानाच्या कडेला लावलेल्या पाटीने कुणा शेजाऱ्याची झोपही मोडणार नाही.